रथी, सारथी आणि पॅडल

माणसाला सुख हवं असतं, असं थोर लोक पूर्वीपासून सांगत आले आहेत. थोर लोकांविषयी मला आदर आहे. पण त्यांच्यापैकी कोणी बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढलेली नाहीत. मी काढली आहेत. माझं नम्र निरीक्षण असं की, सुख वगैरे नंतर. माणसाला आधी एक बटण हवं असतं. आपण दाबलं आणि काहीतरी झालं, एवढ्यावर तो खूष असतो. जे झालं ते आपल्या दाबण्यामुळेच झालं का, या चौकशीत तो पडत नाही.

लिफ्टचंच घ्या. खाली उभ्या असलेल्या पहिल्या माणसानं बटण दाबलेलं असतं. बटणात लाल दिवा लागलेला असतो. मग दुसरा येतो. तो दिव्याकडे बघतो, पहिल्या माणसाकडे बघतो आणि बटण दाबतो. पहिल्याच्या दाबण्यात काहीतरी उणं राहिलं असणार, अशी त्याची खात्री असते. तिसरा येतो तो लागोपाठ चार वेळा दाबतो. लिफ्ट आल्यावर तिघांच्याही चेहऱ्यावर तीच ती आणल्याचं समाधान असतं.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी सिग्नलच्या खांबांवर बटणं होती. २००४ साली तिथल्या एका मोठ्या वर्तमानपत्रानं छापलं की, शहरातल्या ३,२५० बटणांपैकी अडीच हजारांहून अधिक बटणं केव्हाचीच निकामी आहेत. सिग्नल संगणकाच्या वेळापत्रकावर चालत होते. लोक मात्र बटण दाबत, थोडा वेळ थांबत आणि हिरवा दिवा लागला की आपल्याच कर्तबगारीवर रस्ता ओलांडत. न दाबणारेही त्यांच्याबरोबरच ओलांडत, पण ते फुकटे!

आता कोणी म्हणेल, यात बिघडलं काय? लोकांना थांबायचं होतं ते थांबलेच. बटण दाबून जरा समाधानानं थांबले. दुसरा म्हणेल, ही शुद्ध फसवणूक आहे. जे बटण काही करत नाही ते खांबावर ठेवायचंच कशाला? मी कॉमर्सचा पदवीधर. नीतिशास्त्र हा विषय आम्हाला नव्हता. ऑडिटिंग होता, आणि त्यात नीतीचा जो काय भाग येतो तो व्हाउचरपुरता. तरीसुद्धा हा प्रश्न एके दिवशी माझ्या गळ्यात पडला, आणि तोही एका मोटारीच्या स्टिअरिंगमुळे.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, कारण वार्षिक सभेत मला त्यांच्याच शेजारी बसायचं असतं. त्यांना आपण रथी म्हणू. दोन वर्षांपूर्वी रथींनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. हौस हे कारण नव्हतं, गुडघा हे होतं. घोडबंदर रोडवर संध्याकाळी अडकलेला माणूस घरी पोचेपर्यंत डाव्या पायानं इतक्या वेळा क्लच दाबतो, की तेवढ्या पावलांत तो चालत घरी पोचला असता. रथींचा डावा गुडघा संपावर गेला. डॉक्टर म्हणाले, क्लच सोडा. एके काळी हे फक्त श्रीमंतांना परवडलं असतं. पण २०१४ साली मारुतीची सेलेरिओ स्वस्तातला ऑटोमॅटिक गिअर घेऊन आली आणि तेव्हापासून मध्यमवर्गाच्या डाव्या गुडघ्याला जरा बरे दिवस आले. रथींची गाडी तिच्याहून वरच्या वर्गातली, सहा गिअरची. कुठला गिअर कधी टाकायचा हे गाडीतला एक छोटा संगणक ठरवतो. रथींनी नुसतं वळवायचं आणि पाय दाबायचा.

सहा महिने ते सुखात होते. सातव्या महिन्यात त्यांना ते सुख बोचायला लागलं.

"गाडी मी चालवतोय असं वाटतच नाही हो," ते मला म्हणाले. "मी आपला नुसता बसलेला असतो."

"गुडघा दुखत होता तेव्हा तुम्हीच चालवत होतात की," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

वहिनींच्या या वाक्यात अर्धं तत्त्वज्ञान आलं होतं. पण तत्त्वज्ञान स्वयंपाकघरातून आलं की दिवाणखान्यात कोणी ते ऐकत नाही.

त्याच सुमारास रथींना आपल्या गाडीची थोरली बहीण दिसली. तेच मॉडेल, तेच इंजिन, पण वरचं व्हेरिअंट. तिच्या स्टिअरिंगच्या मागे दोन बाजूंना दोन कान होते. या कानांना पॅडल शिफ्टर म्हणतात. पॅडल म्हटलं की आपल्याला सायकल आठवते, पण हे पायानं मारायचे नसतात, बोटांनी ओढायचे असतात. डावा कान ओढला की गिअर एकानं उतरतो, उजवा ओढला की एकानं चढतो. स्टिअरिंगवरून हात काढावा लागत नाही.

या कानांचं कूळ मोठं आहे. जॉन बर्नार्ड या इंग्रज इंजिनियरनं ते फेरारीच्या शर्यतीच्या गाडीला बसवले. १९८९ साली ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल ती गाडी घेऊन उतरला, तेव्हा गाडी शेवटपर्यंत टिकेल अशी आशा कोणालाच नव्हती; खुद्द मॅन्सेललाही नव्हती. शर्यत चालू असताना त्याचं स्टिअरिंग ढिलं झालं आणि मध्येच थांबून ते चक्क बदलून घ्यावं लागलं. तरी तो पहिला आला. पुढे १९९७ साली फेरारीनं हे कान रस्त्यावरच्या गाडीला दिले. तिथून पायऱ्या उतरत उतरत ते ठाण्याच्या आमच्या पार्किंगपर्यंत आले. फरक इतकाच, की मॅन्सेलला ते गाडी अधिक वेगानं पळवण्यासाठी हवे होते आणि रथींना ते, आपण गाडी चालवतो आहोत, हे स्वतःला पटवून देण्यासाठी. घोडबंदर रोडवर त्यांचा दुसरा उपयोग संभवतही नव्हता.

रथींनी स्टिअरिंग बदलायचं ठरवलं. शोरूममधल्या माणसानं वॉरंटी, विमा असले अशुभ शब्द उच्चारले, म्हणून रथी कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेले. तिथे मोटारीचा प्रत्येक अवयव सुटा मिळतो. तिसऱ्याच दुकानात त्यांना हवं तेच स्टिअरिंग मिळालं, दोन्ही कानांसकट. घरी आणून त्यांनी ते देवासमोर ठेवलं. वहिनींनी हळदकुंकू लावलं आणि विचारलं,

"हे ज्या गाडीचं होतं ती गाडी कुठे आहे?"

"भंगारात."

"का?"

रथींनी विषय बदलला.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये शस्त्रक्रिया झाली. करणारा एक उस्ताद होता, आणि अर्धी सोसायटी नातेवाइकांसारखी भोवती उभी होती. उस्तादनं आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि विडी पेटवून स्वस्थ बसला. रथींनी घाई केली तेव्हा म्हणाला, "साहेब, एअरबॅगच्या यंत्रात थोडा करंट शिल्लक राहतो. तो उतरू द्या. नाहीतर बॅग फुटते ती आपल्या तोंडावर." यानंतर रथी खांबामागे जाऊन उभे राहिले. विडी संपल्यावर उस्तादनं मधली एअरबॅग अलगद सोडवली, मधला नट काढला, जुनं स्टिअरिंग कसं बसलं होतं त्याची खूण केली आणि नवं चढवलं. एअरबॅग मात्र रथींचीच पुन्हा बसवली; भंगारातली घेऊ नये, एवढी नीती उस्तादकडे होती. तासाभरात काम झालं. रथींनी कान ओढून बघितले. 'टिक' असा गोड आवाज आला. पेढे वाटले गेले.

पुढचे आठ दिवस हा रथींच्या आयुष्यातला सुवर्णकाळ होता. रोज ऑफिसातून आले की ते मला खाली बोलावून अनुभव सांगायचे. गाडीचा पिकअप वाढला होता. मायलेज वाढलं होतं. उजवा कान ओढला की गाडी कशी अंग चोरून पुढे झेपावते, हे ते हाताच्या अभिनयासह दाखवायचे. कधी कधी ओढल्यावर गिअर लगेच पडायचा नाही, जरा वेळानं पडायचा. पण त्यालाही त्यांच्याकडे उत्तर होतं. "चेक टाकला की लगेच वटतो का? क्लिअरिंगला वेळ लागतोच की!" ते बँकेतल्या माणसाला सांगत होते, त्यामुळे मला वाद घालता येईना. त्यांची चाल बदलली. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर ते ठामपणे बोलू लागले.

नवव्या दिवशी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. तो इंजिनियरिंगला आहे, म्हणजे घरात मोडलेली वस्तू आधीपेक्षा जास्त उघडून ठेवणं हे त्याचं काम.

"काका, एक सांगू? बाबांना बोलू नका."

"काय रे?"

"ते पॅडल जोडलेलेच नाहीत."

स्टिअरिंग गोल फिरतं आणि गाडी फिरत नाही. मग फिरत्या भागातली वायर तुटू नये म्हणून आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक फीत असते. हॉर्न, एअरबॅग, सगळ्यांचा निरोप तिच्यातून पुढे जातो. तिला स्पायरल केबल म्हणतात. वरच्या व्हेरिअंटच्या फितीत पॅडलसाठी वेगळ्या तारा असतात. रथींच्या फितीत त्या नव्हत्याच. पॅडलच्या दोन वायरी उस्तादनं नीट गुंडाळून, चिकटपट्टी लावून आत ठेवून दिल्या होत्या. उस्तादचंही चुकलं म्हणता येणार नाही. बिलावर 'फिटिंग' असं लिहिलं होतं. 'जोडणी' असं कुठेही नव्हतं.

म्हणजे आठ दिवस रथी कान ओढत होते आणि गाडी आपल्या मनानं गिअर टाकत होती. डॅशबोर्डवर सारखं नुसतं 'डी' दिसत होतं, आकडा दिसतच नव्हता, तेव्हा ताडून बघायची सोय नव्हती. ओढल्यानंतर केव्हातरी गिअर पडायचाच. तो आपल्यामुळे पडला असं मानायला कोणाची हरकत होती?

आता सांगायचं की नाही?

प्रथम मला वाटलं, सांगू नये. माणूस सुखात आहे. गुडघा बरा आहे. गाडी उत्तम चालते आहे. भ्रम म्हणाल तर तो फुकट असतो असंही नाही. त्याला बाजारात भाव आहे. एलेन लँगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऑफिसातल्या लोकांना एक एक डॉलरची लॉटरीची तिकिटं विकली. काहींना आपलं तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतं ठेवलं. मग सोडतीच्या आधी विचारलं, हे तिकीट परत विकायचं तर काय घ्याल? ज्यांच्या हातात ठेवलं होतं त्यांनी सरासरी दोन डॉलरच्या आत मागितले. ज्यांनी स्वतः निवडलं होतं त्यांनी साडेआठच्या वर. लॉटरी तीच, नशीब तेच. मधला साडेसहा डॉलरचा फरक हा केवळ 'मी निवडलं' याचा. एक डॉलरच्या मालावर एवढा प्रीमियम आमच्या बँकेनं कुठल्याही योजनेत कधी दिलेला नाही.

शिवाय मी कोणत्या तोंडानं सांगणार? आमचंही तेच आहे. मी काउंटरवर एंट्री करतो, एंटर दाबतो. ग्राहकाला वाटतं काम झालं. पण माझ्या मर्यादेच्या वरची रक्कम असली तर ती एंट्री तिथेच ताटकळत राहते. आतल्या केबिनमधले साहेब त्यांच्या संगणकावरून तिला मान्यता देतील तेव्हा ती पुढे सरकते. साहेब जेवायला गेले असतील तर एंट्रीही उपाशी. साहेबांच्या वर प्रादेशिक कार्यालय, त्याच्या वर मुख्य कार्यालय. प्रत्येक जण आपापला कान ओढतो आहे आणि 'टिक' असा आवाज काढतो आहे. मग रथींचाच भ्रम तेवढा का मोडायचा?

हे सगळं मनाशी पक्कं करून मी झोपायला गेलो, आणि मला आमच्या नात्यातले एक आजोबा आठवले.

ब्याऐंशी वर्षांचे होते. एके काळी घरातलं पान त्यांच्याशिवाय हलत नसे. पुढे कारभार मुलाकडे गेला. पण सून मोठी समजूतदार. रोज सकाळी ती त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून विचारायची, "बाबा, आज भाजी कुठली करू?" भाजी तेव्हा कढईत शिजत असायची. वास घरभर झालेला असायचा. आजोबा दीर्घ श्वास घ्यायचे, विचार केल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "दुधी कर." आणि ती म्हणायची, "बरं." याला फसवणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोघांनाही सगळं ठाऊक होतं. तो एक खेळ होता, आणि तो प्रेमाचा होता.

मग गावचं घर विकायचं ठरलं. मुलानं तसंच दारात उभं राहून विचारलं, "बाबा, घर विकू या ना?" इसार घेऊन झालेला होता. आजोबांनी कागदाकडे बघितलं आणि सही केली. स्वच्छ, मोडी वळणाची सही; आमच्या बँकेत एका नजरेत पास झाली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं विचारलं, "बाबा, भाजी कुठली करू?" आजोबा म्हणाले, "कर काहीतरी." त्यानंतर दोन वर्षं होते ते. भाजीचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. वास घरभर येत असूनसुद्धा.

भाजीच्या वेळी आणि घराच्या वेळी प्रश्न एकाच सुरात विचारला होता. दोन्ही वेळी वायर जोडलेली नव्हती. तरी एकदा त्यांनी हसून उत्तर दिलं, आणि दुसऱ्यांदा मन मिटून घेतलं. असं का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, रथींनी माझ्या खांद्यावर हात टाकून बेत जाहीर केला तेव्हा.

"दिवाळीनंतरच्या रविवारी जुन्नरला जायचं. तुम्हीही चला सगळे. परत येताना माळशेज घाट पॅडलवर उतरवून दाखवतो! ब्रेकला पाय म्हणून लावणार नाही."

मोटारवाल्यांना सांगायला नको, पण बसनं जाणाऱ्यांसाठी सांगतो. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिलं की ब्रेक तापतात. जळका वास येतो. फारच तापले तर धरायचेच बंद होतात. म्हणून जुने ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये घाट उतरतात. मग इंजिनच गाडीला मागून ओढून धरतं. पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांचं उलटं असतं. पाय काढला की त्यांना वाटतं, साहेबांना आता जोर नको, आणि त्या वरचा गिअर टाकतात. गाडी मोकळी सुटते. पॅडलचा खरा उपयोग असलाच तर तो इथे. रथी नेमक्या याच जागी कान ओढणार होते, आणि त्या कानांच्या वायरी चिकटपट्टीत झोपल्या होत्या. मागच्या सीटवर वहिनी, आमची ही, दोन मुलं आणि मी.

तेव्हा मला सपाट रस्ता आणि उतार यांतला फरक समजला. खोटं बटण सपाट रस्त्यावर चालतं. लिफ्टची वाट पाहताना चालतं, भाजी निवडताना चालतं, लॉटरीच्या तिकिटाला तर शोभूनच दिसतं. तिथे ते काही करत नाही, पण तिथे काही करायचंही नसतं. उतार लागला की गोष्ट वेगळी. माणूस त्या बटणावर आपला भार टाकतो. गावचं घर हा आजोबांचा उतार होता. त्यांनी कान ओढला, आणि तो नुसता 'टिक' वाजला. त्यांना दुःख घर गेल्याचं झालंच असेल. पण आपल्या हातातला कान कशालाच जोडलेला नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं, ते दुःख मोठं. मग दुधीचीही गोडी गेली.

त्याच संध्याकाळी मी रथींना सांगितलं. आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मग सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले.

"मग तो पिकअप?"

"तो गाडीचाच होता, रथीसाहेब."

"आणि मायलेज वाढलं ते?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"म्हणजे आठ दिवस गाडी चालवत कोण होतं?"

"आधी सहा महिने जो चालवत होता तोच," वहिनी आतून म्हणाल्या. या वेळी मात्र दिवाणखान्यानं ऐकलं.

मला वाटलं होतं, आता पॅडलचं खूळ संपलं. पण रथी जातीचे लढवय्ये. ते या वेळी कुर्ल्याला न जाता रीतसर गॅरेजमध्ये गेले. तारा असलेली योग्य स्पायरल केबल घातली गेली, आणि गाडीच्या संगणकालाही कळवण्यात आलं की, बाबा रे, यापुढे साहेब कान ओढतील, तर लक्ष दे. डॅशबोर्डवर 'डी'च्या जागी आकडा दिसू लागला. मी अभिनंदन करायला खाली गेलो, तर रथींचा चेहरा पडलेला.

"नकार देते हो!" ते म्हणाले.

"कोण?"

"गाडी. मघाशी ऐंशीच्या वेगात होतो. दोन नंबर मागितला. टुक्‌ टुक्‌ वाजली आणि नाही म्हणाली. पुढे एकदा इंजिन फार चढवलं, तर न विचारता स्वतःच वरचा गिअर टाकला. सिग्नलला थांबलो तर आपल्या मनानं एकवर आली. ते खोटं पॅडल आठ दिवस चालवलं, एकदाही नाही म्हणालं नव्हतं!"

गाडीचं बरोबरच होतं. ऐंशीला दुसरा गिअर पडला असता तर इंजिन सोसेल त्याहून जास्त फिरलं असतं. पॅडल म्हणजे हुकूम नव्हे, अर्ज आहे. संगणक तो वाचतो, नियमात बसला तर मंजूर करतो. बँकेतल्या माणसाला हे समजावून घ्यायला वेळ लागत नाही. पण रथींच्या तक्रारीत मला एक मोठी गोष्ट सापडली. खरं बटण कोणतं आणि खोटं कोणतं, हे ओळखायची खूणच त्यांनी सांगितली होती. खोटं बटण कधी नाही म्हणत नाही. आमच्या शाखेत भिंतीला एक सूचनापेटी आहे. तिनं आजवर एकही सूचना फेटाळलेली नाही. तिची किल्ली २०११ सालापासून सापडत नाही.

"रथीसाहेब," मी म्हटलं, "नकार येतोय म्हणजे वायर जोडली आहे."

त्यांना ते तितकंसं पटलं नाही. मग मी महाभारत काढलं. मराठी माणूस वादात हरू लागला की महाभारत काढतो. अर्जुनाकडे, म्हटलं, जगातला सर्वोत्तम ऑटोमॅटिक होता. घोड्यांचा लगाम त्यानं हातात घेतलाच नाही. पण रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा कर, हे सांगितलं कोणी? अर्जुनानं. आणि अठरा अध्याय सांगून झाल्यावर सारथी काय म्हणतो? की आता नीट विचार कर आणि तुला हवं ते कर. म्हणजे सगळं ज्याच्या हाती त्यानंसुद्धा शेवटी रथीच्या पॅडलची वायर जोडून दिली. ती जोडायची नसती तर एवढा उपदेश करायचं कारणच नव्हतं. घोडे हाकले की काम होतं.

"पण अर्जुनाला पूर्ण हक्क होता," रथी म्हणाले. "मला ही दोन नंबर देत नाही."

"ऐंशीला मागू नका," वहिनी म्हणाल्या.

ठरल्याप्रमाणे आम्ही जुन्नरला गेलो. परतीच्या वाटेवर माळशेजचा माथा आला. रथींनी डावा कान दोनदा ओढला. चार, तीन. इंजिनाचा आवाज चढला आणि कोणी मागून सदरा धरावा तशी गाडी सावकाश झाली. एका वळणाच्या बऱ्याच आधी त्यांनी पुन्हा कान ओढला. दोन. मला कारण दिसेना. वळण घेतलं, तर पलीकडे कणसांच्या गाड्या, निम्म्या रस्त्यात उभ्या मोटारी आणि त्यांच्यातून वर येणारा एक ट्रक.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"इथे कणीसवाले असतातच," रथी म्हणाले.

गाडीच्या संगणकाला पुष्कळ कळतं. चाकं किती फिरतात, पाय किती दाबला, इंजिन किती थकलं. नव्या गाड्यांना उतारही कळतो. पण वळणापलीकडचे कणीसवाले त्याच्या हिशेबात नसतात. ते रथींना ठाऊक होते. मला वाटतं, माणसाच्या हाती खरं पॅडल द्यायचं ते याचसाठी. यंत्रणा त्याच्यापेक्षा हुशार असेल, असतेच. पण त्याला असं काहीतरी दिसत असतं जे तिला दिसत नाही. गावच्या घराबाबत आजोबांनाही काय दिसत होतं कोणास ठाऊक. कदाचित त्यांनी विकू नका म्हटलं असतं, आणि तरी विकावं लागलं असतं. पण इसार घेण्याआधी विचारलं असतं, तर त्यांना काय दिसतं ते घराला कळलं असतं, आणि नकार मिळाला असता तर तोही खरा मिळाला असता.

मुरबाडच्या अलीकडे सपाटी लागली. रथींचं कान ओढणं चालूच होतं. वहिनी म्हणाल्या, "आता राहू द्या. तिचं तिला चालवू द्या थोडा वेळ." रथींनी बोटं काढली. डॅशबोर्डवरचा आकडा जाऊन 'डी' आला, आणि कोणालाच काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही.

सोमवारी बँकेत गेल्यावर मी शिपायाकरवी स्क्रू-ड्रायव्हर मागवला आणि साहेबांच्या परवानगीनं (अर्ज करून, दोन दिवसांनी मंजूर होऊन) ती सूचनापेटी उघडली. आत एकच चिठ्ठी होती. अक्षर सुवाच्य होतं, खाली खातेक्रमांकही होता. लिहिलं होतं: 'या पेटीची किल्ली हरवल्याचे समजते. तरी दुसरी करून घ्यावी, ही विनंती.'